जहाजामागे एक गद्याण

शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८. दक्षिण कोकणातल्या शिलाहार घराण्याचा राजा रट्टराज अव्वेश्वर नावाच्या शिवमंदिराला दान देतो. गावं देतो, आणि तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबं देवळाच्या सेवेला लावून देतो. अशी दानपत्रं आपल्याकडे पुष्कळ सापडली आहेत. पण खारेपाटणला मिळालेल्या या ताम्रपटात पुढे एक कलम आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण, म्हणजे सोन्याचं एक नाणं, या देवळाला द्यायचं. दुसऱ्या एका ठिकाणाहून येणाऱ्या जहाजांना वेगळा दर आहे. चेमुल्य, म्हणजे आपलं चौल, आणि चंद्रपूर, म्हणजे गोव्यातलं चांदोर, यांना त्यातून वगळलं आहे. या पैशातून पूजा चालायची, देवळाची डागडुजी व्हायची, तिथल्या तपस्व्यांचं अन्नवस्त्र भागायचं. हे तपस्वी मत्तमयूर परंपरेच्या कर्करोणी शाखेचे. त्या परंपरेचे मोठे मठ मध्य भारतात होते. म्हणजे माळवा-बुंदेलखंडाकडे ज्यांच्या गुरुपरंपरेची मुळं, त्या शैव आचार्यांच्या ताटातला भात अरबी समुद्रातून आलेल्या गलबतांच्या पट्टीवर शिजत होता.

आता पन्नासेक वर्षं पुढे आणि थोडं दक्षिणेला जाऊ. १०५९ साली गोव्याच्या कदंब राजाने, पहिल्या जयकेशीने, दिलेला ताम्रपट पणजीला सापडला. त्यात छद्दम नावाचा अधिकारी येतो. तो ताजिक, म्हणजे अरब-इराणी मुसलमान व्यापारी घराण्यातला. त्याचा आजा मधुमद. जयकेशीच्या घराण्यातला गुहल्लदेव सोमनाथाच्या यात्रेला समुद्रमार्गे निघाला असताना जहाजाची डोलकाठी मोडली आणि त्याला गोव्याच्या बंदराचा आसरा घ्यावा लागला. तेव्हा मदतीला धावून आला तो हा मधुमद. पुढे नातवाला जयकेशीने कोकणचा कारभार दिला. त्या नातवाने बंदरात एक मशीद उभी केली, आणि तिच्या खर्चासाठी येणाऱ्या जहाजांवर पट्टी बसवली. ताम्रपट आहे तो त्याच पट्टीला राजाने दिलेल्या मान्यतेचा.

मध्ययुगातले दूरदूरचे समाज एकमेकांशी कसे जोडले गेले, असं कुणी विचारलं तर मी या दोन पट्ट्यांकडे बोट दाखवीन. धर्म, व्यापार आणि स्वाऱ्या यांचे धडे आपण शाळेत वेगवेगळे शिकलो. धर्माच्या धड्यात संत आणि देवळं, व्यापाराच्या धड्यात मसाले आणि कापड, स्वाऱ्यांच्या धड्यात सनावळ्या. कोकणच्या एकेका ताम्रपटावर मात्र हे तिन्ही शेजारी शेजारी कोरलेले असतात, कारण त्या माणसांच्या जगण्यात ते वेगळे नव्हतेच.

चौलला मी अनेकदा जातो. अलिबागहून आक्षी, नागाव, मग चौल आणि पुढे रेवदंडा. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता, वाड्यांना चिऱ्याचे गडगे, मध्येच रामेश्वराचं देऊळ आणि त्यापुढची पोखरण. टेकडीवर हिंगळाजदेवी आहे. तिचं मूळ पीठ पार मकरानच्या किनाऱ्याजवळ, आजच्या बलुचिस्तानात. रेवदंड्यात बेने इस्रायलांचं सिनेगॉग आहे, आणि त्यांचे पूर्वज जिथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं ते मानतात ते नवगावही इथून लांब नाही. रेवदंड्याच्या किल्ल्यात पोर्तुगीज चर्चच्या उंच भिंती अजून उभ्या आहेत. सायकलवरून अर्ध्या दिवसात हिंडून होईल एवढा हा टापू. इतक्या लोकांचे देव एवढ्याशा जागेत कसे आले, हा प्रश्न तिथे फिरताना पडल्यावाचून राहत नाही.

याचं पहिलं उत्तर वाऱ्यात आहे. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की पश्चिम किनाऱ्याची बंदरं बंद व्हायची. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावरच होड्या बाहेर काढायची कोळीवाड्यांची जुनी रीत आहे. आखातातून निघालेली गलबतं त्या वाऱ्याचा जोर ओसरताना इकडे पोचत आणि हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यावर परत जात. माल विकून नवा भरेपर्यंत दिवस गेले, वारा चुकला, की मुक्काम थेट पुढच्या हंगामापर्यंत. मग वखार लागायची, तिची राखण करणारा माणूस लागायचा, आणि त्याला मागे ठेवायचं तर त्याचं घर वसायचं. घर वसलं की लग्न, मूल, नमाजाची जागा, दफनाची जागा आणि भांडण झालं तर निवाडा करणारा कुणीतरी. वाऱ्याने थांबवलेल्या माणसांनी ही वस्ती केली.

९१६ च्या सुमारास अल मसूदी हा बगदादचा प्रवासी-इतिहासकार चौलला आला. अरब चौलला सैमूर म्हणत. त्याने लिहून ठेवलंय की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कुणी सिराफचे, कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, कुणी बगदादचे. इथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलाबाळांना बयासिरा हे वेगळं नाव पडलेलं होतं. त्यांच्यातलाच एक प्रतिष्ठित माणूस राजाने त्यांचा प्रमुख नेमलेला होता आणि त्यांचे तंटे तो त्यांच्या कायद्याने सोडवी. मसूदीच्या वेळी त्या जागी अबू सईद मारूफ बिन झकरिया होता. इथला राजा म्हणून मसूदी ज्याचं नाव देतो तो शिलाहार झंझ. हा झंझ राजा आपल्याला दुसऱ्या एका कारणाने माहीत आहे: त्याने स्वतःच्या नावाने बारा शिवालयं बांधली, असं त्याच्या वंशजांचे ताम्रपट सांगतात. सह्याद्रीत नदीच्या उगमाशी जुनं शिवालय दिसलं की आजही लोक झंझाचं नाव घेतात. बारा शिवालयं बांधणारा राजा आपल्या बंदरातल्या मुसलमानांना त्यांचा काझी नेमून देतो, यात त्या काळच्या कुणाला विसंगती वाटल्याची खूण मला कुठे दिसत नाही.

झंझ हा मांडलिक. त्याच्या डोक्यावर मान्यखेटचे राष्ट्रकूट होते. ८५१ सालच्या एका अरबी प्रवासवृत्तात जगातल्या चार मोठ्या राजांमध्ये खलिफा, चीनचा सम्राट आणि रोमचा, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा, बादशहा यांच्या जोडीला राष्ट्रकूट राजाला बसवलं आहे, आणि त्याचा अरबांवर लोभ आहे असंही म्हटलं आहे. लोभ असणारच. किनाऱ्यावरची जकात अरबांमुळे भरत होती.

या व्यवस्थेचा सगळ्यात विलक्षण माणूस मला संजाणला भेटतो. डहाणूजवळच्या चिंचणीत १९५५ मध्ये ताम्रपटांचा एक संच सापडला. त्यातला पहिला शके ८४८ चा, म्हणजे ९२६ सालचा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला. तो सांगतो की संयान मंडळाचा, म्हणजे संजाणच्या मुलखाचा, अधिकारी मधुमती हा ताजिक आहे. मधुमती म्हणजे महंमद. त्याला हा प्रदेश इंद्राच्या आजोबाने, दुसऱ्या कृष्णाने, दिला होता. या मधुमतीने आसपासच्या बंदरांचे ठाणेदार जिंकले आणि तिथे आपली माणसं बसवली, तीही राष्ट्रकूट राजाच्या वतीने. मुसलमान सरदाराने हिंदू राजासाठी केलेली ही स्वारी. तिचं क्षेत्र कोकणातली बंदरं आणि तिचा काळ दिल्लीत सुलतान बसण्याच्या पावणेतीनशे वर्षं आधीचा. आपल्या मनातल्या मध्ययुगाच्या चित्रात याला जागाच नसते.

जिंकून झाल्यावर मधुमतीने काय केलं? दोन नद्यांवर फुकट तर, म्हणजे पैलतीरी नेणारी होडी, चालू केली. संजाणला अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. अण्णैय्या नावाच्या ब्राह्मणाने भगवती देवीची मठिका बांधली होती, तिला जमीन हवी होती. मधुमतीने राजाची परवानगी घेऊन तिला गाव दिलं. ती होडी कुणासाठी होती? माल घेऊन घाटाकडे जाणाऱ्या बैलवाल्यांसाठी, बाजाराला निघालेल्या कुणब्यांसाठी आणि देवीच्या यात्रेकरूंसाठीही असणार. बंदर चालायचं तर नदी ओलांडता आली पाहिजे, आणि दुरून आलेल्या माणसाला जेवण मिळालं पाहिजे. धर्मकृत्य आणि बंदराची सोय यांतली रेघ इथे मला काढता येत नाही. ती काढायची गरजही नाही. मधुमतीच्या पदरी पुण्य पडलं आणि जकातही पडली.

हीच मठिका पुढे शंभराहून अधिक वर्षं चिंचणीच्या ताम्रपटांतून आपल्याला भेटत राहते. मधल्या काळात तिचा शेजारच्या एका देवळाशी जमिनीवरून तंटा झाला. ते देऊळ राजस्थानातल्या भिल्लमाळहून, आजच्या भीनमाळहून, आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं. म्हणजे मारवाडची पेढी हजार वर्षांपूर्वीही कोकणात होती, आपला देव बरोबर घेऊन आली होती, आणि हद्दीवरून भांडतही होती. मग १०३४ साली शिलाहारांचा सामंत चामुंडराज या मठिकेला तेलाचा एक घाणा देतो. देवीपुढच्या दिव्यासाठी आणि तिथे येणाऱ्या विद्वानांच्या पायांना चोळायला तेल मिळावं म्हणून. दिवसभर चालून आलेल्या पाहुण्याच्या पायाला तेल लावायचं ही तजवीज दानपत्रात आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि हे दान ज्यांना जाहीर केलं त्या नगरातल्या मानकऱ्यांची नावं बघा: अल्लिय, महर, मधुमत. अली, मिहर आणि महंमद. देवीच्या दिव्याला तेल मिळतंय याला साक्षी म्हणून शहरातले मुसलमान आणि पारशी व्यापारी उभे आहेत.

संजाण म्हटल्यावर पारशी आलेच. दुधात साखर मिसळावी तसे आम्ही मिसळू, ही त्यांच्या आगमनाची गोष्ट सगळ्यांच्या तोंडी आहे. पण त्यांच्या येण्याची हकीकत सांगणारा ‘किस्सा-ए-संजाण’ हा ग्रंथ १६०० च्या आसपास नवसारीत लिहिला गेला, घटनेनंतर कित्येक शतकांनी. त्याहून कितीतरी जुनी आणि थेट अशी त्यांची खूण मुंबईतच आहे आणि ती बघायला फार थोडे लोक जातात.

ही खूण आहे कान्हेरीच्या लेण्यांत. तिथे जाणारे बहुतेक सगळे तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी फोटो काढून परत फिरतात. तुम्ही तसंच वर चढत राहा. कातळात खोदलेल्या पायऱ्या, पाण्याच्या पोढी, ऑक्टोबरातलं कोवळं ऊन आणि खाली दूरवर उपनगरांचा गलका. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात बुद्धाची शिल्पं आहेत, आणि तिथेच कातळावर पहलवी लिपीत बारीक अक्षरं कोरलेली आहेत. पारशी मंडळी हे लेणं बघायला आली होती, त्यांची ही नावं. कुणाचा मुलगा कोण ते लिहिलंय आणि खाली तारीख. १० ऑक्टोबर १००९, २४ नोव्हेंबर १००९ आणि मग ३० ऑक्टोबर १०२१. तिन्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या. पावसाळा सरला, वाटा मोकळ्या झाल्या, मंडळी निघाली असतील, असं मला वाटतं. त्यांचा धर्म अग्नीचा, लेणं बुद्धाचं, राज्य शिवभक्त शिलाहारांचं. त्यांनी तिथे काही मोडलं नाही. आपली नावं, वडिलांची नावं आणि आपल्या जुन्या इराणी राजाच्या शकातली तारीख ठेवून ती परतली. त्या अक्षरांजवळ उभं राहिलं की ‘किस्सा’मधल्या, आसरा देणाऱ्या राजापेक्षा ही सहलीला आलेली घरची माणसं जवळची वाटतात.

कान्हेरीतच त्याआधीचा, शके ७७५ चा, एक लेख आहे. गौड देशाहून, म्हणजे बंगालमधून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या बौद्ध उपासकाने इथल्या भिक्षूंसाठी ध्यानाच्या खोल्या आणि वस्त्रं यांची सोय केली, आणि त्यासाठी शंभर द्रम्म कायम ठेव म्हणून दिले. राजा राष्ट्रकूट अमोघवर्ष, त्याचा ओढा जैन धर्माकडे. बंगालचा बौद्ध, कोकणातलं लेणं, जैन धर्माला मानणारा सम्राट आणि व्याजावर चालणारी ठेव. पैसा ठेवायला त्याला विश्वासाची जागा सापडली ती इतक्या लांबच्या डोंगरात.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मी शांततेचं गोड चित्र रंगवतोय. तसं नाही. बंदर श्रीमंत झालं की त्यावर डोळा ठेवणारे आलेच, आणि त्या लढायांचं स्मारकही मुंबईतच आहे. बोरिवलीला एकसर गावठाणात, चारी बाजूंनी इमारती उठलेल्या असताना, वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड, उभे आहेत. माणसाच्या उंचीहून मोठ्या शिळा. असे सहा वीरगळ इथे नोंदलेले आहेत. इतर ठिकाणचे वीरगळ बघायची सवय असलेल्या माणसाला इथे गाई-गुरं, घोडे, भाले शोधावेसे वाटतात. त्याऐवजी दिसतात जहाजं. उंच नाळेची, डोलकाठीची जहाजं ओळीने लढाईला निघाली आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला नऊ वल्ही. वल्हवणारे खाली वाकलेले, वर सैनिक गर्दी करून उभे. वरच्या पट्टीत जहाजं एकमेकांना भिडली आहेत आणि माणसं पाण्यात पडत आहेत. त्याही वर अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, आणि अगदी माथ्याशी तो शिवलिंगापुढे बसला आहे. नऊच्या नऊ वल्ही कारागिराने वेगळी खोदली आहेत, एकाही ठिकाणी रेघ मारून काम उरकलेलं नाही. त्याने ती जहाजं पाहिलेली होती.

देवगिरीचा महादेव यादव आणि ठाण्याचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या लढाईचं हे स्मारक, असं अनेक अभ्यासक मानतात. काही ते त्याआधीचं धरतात. लढाई मात्र झाली. सोमेश्वर समुद्रात बुडाला, आणि महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला, असं वर्णन यादवांच्या मंत्र्याने, हेमाद्रीने, करून ठेवलं आहे. शिवभक्ताने शिवभक्ताला बुडवलं. उत्तर कोकणच्या बंदरांची जकात ठाण्याऐवजी देवगिरीला जाऊ लागली.

देवगिरीला ती कशासाठी हवी होती? घोड्यांसाठी. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्याची पैदास होत नसे, आणि घोडदळाशिवाय राज्य टिकत नसे. म्हणून दर हंगामात आखातातून जहाजं भरून घोडे यायचे. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहितो की ठाण्याच्या राजाने समुद्री चाच्यांशी करार केला आहे: लुटीतला बाकीचा माल तुमचा, घोडे तेवढे माझे. ज्या वाटेने साग ओमानला आणि सिराफला जायचा, कापड जायचं, यात्रेकरू जायचे, त्याच वाटेने पुढच्या स्वारीचं सामान यायचं. व्यापाराने समाज जवळ येतात हे खरं, पण तो व्यापार मुख्यतः युद्धाच्या घोड्याचा असेल तर काय येतं, हेही सांगितलं पाहिजे.

सोमनाथचं उदाहरण याच किनाऱ्यावरचं आहे. १०२६ साली गझनीच्या महमुदाने ते देऊळ फोडलं. ती जखम खरी आहे आणि तिला लहान करून सांगणं मला मान्य नाही. त्याच सोमनाथाजवळ, वेरावळला, १२६४ चा एक लेख आहे, अरबी आणि संस्कृत अशा दोन भाषांत. होर्मुझचा नाखवा नूरुद्दीन फिरोज याने तिथे मशिदीसाठी जमीन घेतली, आणि नगरातल्या हिंदू प्रतिष्ठितांनी त्याला ती मिळवून दिली. संस्कृत लेखात हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह अशा चार कालगणना दिल्या आहेत. महमुदाच्या स्वारीचं स्मरण असलेल्या लोकांनीच हे केलं. महमूद वेगळा आणि आपल्याकडे दर हंगामात येणारा होर्मुझचा नाखवा वेगळा, एवढा फरक त्यांना कळत होता.

व्यवस्था कोसळायची तेव्हा वाईट कोसळायची. १३१८ साली यादवांचं उरलंसुरलं राज्य दिल्लीने बुडवलं आणि ठाण्यावर दिल्लीचा मलिक आला. १३२१ च्या एप्रिलमध्ये तिथे चार ख्रिस्ती धर्मबंधू येऊन उतरले: तोलेंतिनोचा टॉमस, पाद्वाचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची काही घरं आधीपासून होती, त्यांतल्या एकाच्या घरी ते राहिले. घरातल्या नवरा-बायकोचं भांडण झालं, बायकोने काझीकडे तक्रार केली, साक्षीत या पाहुण्यांचं नाव निघालं. काझीपुढे बोलता बोलता गोष्ट धर्मावर गेली, आणि अखेर चौघांचे जीव गेले. त्यांचा सोबती जॉर्डेनस त्या वेळी ठाण्यात नव्हता. त्याने नंतर त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे ओदोरिक नावाचा दुसरा धर्मबंधू आला, त्याने ती हाडं काढून बरोबर घेतली आणि केरळमार्गे व्यापारी जहाजांतून थेट चीनच्या झैतूनला, आजच्या क्वानझोऊला, नेऊन पोचवली. ओदोरिक असंही लिहितो की दिल्लीच्या सुलतानाला हे कळल्यावर त्याने त्या मलिकाला शिक्षा केली. एका घरातल्या भांडणापासून निघालेली ही गोष्ट इटली, जॉर्जिया, ठाणे, दिल्ली आणि चीन अशी पाच ठिकाणं गाठते. जगाची बांधणी किती घट्ट होती हे याहून क्रूर रीतीने क्वचितच दिसतं.

त्यानंतरही बंदरं चालूच राहिली. नागावला शके १२८९ चा, म्हणजे १३६७ चा, शिलालेख आहे. भाषा मराठी, राजा हंबीरराव, आणि सुरुवातीला हिजरी व शक अशी दोन्ही वर्षं. राज्य बदललं की लेखनिक तारीख कशी घालायची ते शिकून घेतो आणि पुढची ओळ नेहमीच्या मराठीत लिहितो. माहीमच्या नवायत घराण्यात त्याच काळात, १३७२ साली, मखदूम अली माहिमी जन्मले. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा हा कोकणचा विद्वान. त्यांच्या उरुसात मानाचा संदल आजही मुंबई पोलिसांचा असतो.

१४६९ च्या सुमारास त्वेर या रशियन शहरातला अफानासी निकितिन चौलला उतरला. जवळ एक घोडा, शंभर रुबलांना घेतलेला, विकून नफा करायचा म्हणून आणलेला. पालीवरून घाट चढून तो जुन्नरला गेला आणि पावसाळा तिथेच काढला. जुन्नर तेव्हा बहमनी राज्यात होतं, आणि तिथल्या असदखानाने घोडा काढून घेतला: मुसलमान हो, तर घोडा परत आणि वर मोहरा, नाही तर घोडाही गेला आणि दंडही. निकितिनला वाचवलं ते खुरासानच्या महंमद नावाच्या व्यापाऱ्याने. त्याने खानाकडे रदबदली केली, घोडा सोडवला आणि धर्मही राहू दिला. व्होल्गावर लुटारूंनी निकितिनची धर्मपुस्तकं नेली होती, त्यामुळे उपवासाचे दिवस कधी येतात याचा त्याचा हिशेब चुकत गेला, आणि त्याबद्दल तो फार कळवळून लिहितो. त्याच्या टिपणवहीत शेवटी प्रार्थना येते ती अरबी शब्दांत. घरी पोचण्याआधीच तो वारला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे.

त्याच बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान हाही समुद्रातूनच आला होता. इराणातल्या गिलानचा हा व्यापारी १४५३ ला दाभोळला उतरला. वजीर झाला, १४७२ ला त्याने गोवा जिंकला, बीदरला मदरसा बांधला, आणि १४८१ ला त्याच्याच सुलतानाने त्याला मारलं. व्यापार, विद्या आणि स्वारी एकाच माणसाच्या आयुष्यात इतकी गुंतलेली मला दुसरीकडे दिसली नाहीत.

मग पोर्तुगीज आले. १५०८ च्या मार्चमध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुकांचं आणि गुजरातचं आरमार त्यांच्याशी लढलं, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तिथे मारला गेला. तरी पुढच्या काही वर्षांत समुद्र त्यांच्या हातात गेला. कार्ताझ नावाचा त्यांचा परवाना नसलेलं जहाज भर दर्यात पकडलं जाऊ लागलं. चाचे त्याआधीही होते, लूट आधीही होती. पण आधीची पट्टी बंदरात घेतली जायची. तिच्या बदल्यात जहाजवाल्याला आसरा, काझी, बाजार आणि स्वतःच्या देवाला दिवा मिळायचा. नवी पट्टी बंदुकीच्या धाकावर समुद्रातच वसूल व्हायची आणि बदल्यात फक्त न बुडवण्याचं वचन मिळायचं. माझ्या मते कोकणचं मध्ययुग संपलं ते इथे.

त्या जुन्या जगाला मी सहिष्णू वगैरे आजचं विशेषण लावणार नाही. राजांना जकात हवी होती, व्यापाऱ्यांना सुखरूप मुक्काम हवा होता, मठांना तेल हवं होतं. पण स्वार्थापोटी का होईना, त्यांनी परक्याला आपल्यात राहायची रीत लावून दिली, तांब्यावर कोरून दिली आणि कित्येक पिढ्या पाळली. तेवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

हे सगळं आपल्याला कळलं ते शेतात, वाडीत, खणताना सापडलेल्या पत्र्यांवरून आणि बांधावर पडलेल्या दगडांवरून. कोकणात अजून असे कितीतरी गद्धेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप कोरलेले दगड, आणि वीरगळ देवळांमागे, विहिरीच्या कडेला आडवे पडले आहेत. काहींवर दरवर्षी ऑइलपेंटचा हात फिरतो आणि अक्षरं बुजत जातात. एका गावात तर गद्धेगळ मोरीवरची फरशी म्हणून बसवलेला मी पाहिला. वाचकांना माझं हात जोडून सांगणं आहे: तुमच्या गावात असा दगड असेल तर त्याला रंग देऊ नका, जागेवरून हलवू नका. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी, त्याचा स्वच्छ फोटो काढा, जागा लिहून ठेवा, आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना कळवा. आणि खणताना कडीत ओवलेले तांब्याचे पत्रे निघाले तर ते भंगारात जाण्याआधी तहसील कचेरीत नोंद करा.